‘कुत्रा नको, मांजर आणू’ म्हणण्याआधी: हडपसरच्या ३०० मांजरांनी पुण्याला काय शिकवलं?

फेब्रुवारी २०२५. हडपसरमधल्या एका सोसायटीतल्या रहिवाशांनी तक्रार केली. वास सहन होत नाही आणि आवाजाने झोप लागत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पाहणीसाठी सरकारी पथक गेलं आणि बातमी देशभर पोहोचली. एका फ्लॅटमध्ये ३०० हून अधिक मांजरं होती.

मग मांजरं हलवण्याची नोटीस निघाली, मीम्स आले, ‘बिचारी मांजरं’ आणि ‘बिचारे शेजारी’ असे दोन तट पडले. काही दिवसांनी सगळे विसरले.

पण त्या बातम्यांमध्ये एक तपशील होता, त्याकडे फार कुणी लक्ष दिलं नाही. रहिवाशांच्या सांगण्यानुसार २०२० च्या सुमारास त्याच घरात ५० च्या आसपास मांजरं होती. म्हणजे ५० चे ३०० व्हायला जवळपास पाच वर्षं लागली. एवढ्या काळात गोष्ट दाराबाहेर आली ती थेट वासाच्या रूपाने.

आता कल्पना करा, त्या फ्लॅटमध्ये मांजरांऐवजी कुत्री असती तर? पाचवं कुत्रं आलं त्याच आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर युद्ध पेटलं असतं. कुत्रं भुंकतं, लिफ्टमधून जातं, पार्किंगमध्ये दिसतं. मांजर यातलं काहीच करत नाही.

म्हणूनच तर पुण्यातली कितीतरी कुटुंबं म्हणतात, ‘कुत्र्याची कटकट नको, त्यापेक्षा मांजर आणू.’ मांजर म्हणजे कमी कष्टाचा, छोटा कुत्रा, असा आपला समज आहे. हा समज किती खरा? दोघांचा स्वभाव, खाणं, आजारपण आणि कायदा यांत नेमका काय फरक आहे? समजून घेऊ.

आधी कायद्याचं बघू: मांजर त्यात कुठे आहे?

पुण्यात कुत्रा पाळायचा तर महापालिकेचा परवाना लागतो, हे जुनं आहे. मांजराचं काय? तर नोव्हेंबर २०२२ मध्ये पुणे महापालिकेने पाळीव मांजरांची नोंदणीही बंधनकारक केली. कुत्रा असो वा मांजर, रेबीजची लस दिल्याचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे कागदावर २०२२ पासून दोघे एका रांगेत आले. हडपसरचं प्रकरण त्यानंतर दोन वर्षांनी उघड झालं, हे लक्षात घ्या.

बाकी कायदे आणि नियम वाचले की कळतं, ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर मुख्यतः कुत्राच होता.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसा व्यायाम दिला नाही, तर त्याच्या कलम ११ नुसार तो गुन्हा ठरतो. तिथे शब्दच ‘कुत्रा’ असा आहे. मांजराला बाथरूममध्ये वर्षभर कोंडलं तर या तरतुदीत ते बसत नाही, क्रूरतेच्या इतर तरतुदींचा आधार घ्यावा लागतो. आणि पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. वडापावच्या भावात.

सोसायट्यांसाठी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. पाळीव प्राण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरू नका असं सांगता येत नाही, हे त्यात आहे. पण त्या सूचना मुळात पाळीव आणि भटक्या कुत्र्यांबद्दल होत्या.

देशाची पशुगणना घ्या. २१ वी पशुगणना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. गाय, म्हैस, शेळी, डुक्कर, उंट यांच्यासोबत कुत्रा, ससा आणि हत्तीही मोजायच्या यादीत आहेत. मांजर नाही. ज्या देशात हत्ती मोजले जातात तिथे घरातलं मांजर मोजलं जात नाही.

सुप्रीम कोर्टात २०२५ मध्ये जे गाजलं तेही कुत्र्यांचंच. ११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात हलवा म्हटलं. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो आदेश बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडा, पण रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री सोडू नका, खायला घालायला ठराविक जागा करा, असं सांगितलं. ७ नोव्हेंबरला शाळा, हॉस्पिटल, बस स्थानकं, रेल्वे स्टेशनं अशा ठिकाणची कुत्री हटवा आणि परत तिथे सोडू नका, असा आदेश आला. देशभर चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. कारण कुत्र्याचा प्रश्न रस्त्यावर असतो, सगळ्यांना दिसतो.

मांजराचा प्रश्न बंद दारामागे असतो. हा फरक कायद्यातून आलेला नाही. तो त्या दोन प्राण्यांच्या स्वभावातच आहे.

एकाला आपण आणलं, दुसरं स्वतःहून आलं

कुत्रा हा लांडग्याचा वंशज. माणसासोबत त्याला किमान १५ हजार वर्षं झाली. तेव्हा शेतीही सुरू झाली नव्हती. लांडगा कळपात राहणारा, एकत्र शिकार करणारा. त्याला कळपात आपली जागा शोधायची सवय होती, ती जागा त्याने माणसांत शोधली. पुढे आपण त्याला कामं दिली. राखण, शिकार, मेंढरं हाकणं. ज्याचा स्वभाव जुळला त्याची पैदास वाढवली.

मांजराची गोष्ट उलटी आहे. त्याचा पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया आणि आफ्रिकेतला रानमांजराचा एक प्रकार. एकट्याने राहणारा, एकट्याने शिकार करणारा. माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचे अवशेष सापडलेत, ते सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे आहेत. मांजराला आपण फारसं काही शिकवलं नाही, कारण ते जे करत होतं तेच आपल्याला हवं होतं.

आपल्याकडेही हेच दिसतं. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात, खंडोबासोबत कुत्रा असतो, रायगडावर वाघ्याचं स्मारक आहे आणि २०२५ मध्ये त्यावरून वादही पेटला. कुत्र्याच्या वाट्याला निष्ठा आली. मांजराच्या वाट्याला काय आलं? आडवं जाणं, डोळे मिटून दूध पिणं आणि गळ्यातली घंटा.

जुन्या पुण्यातल्या वाड्यांत मांजर कुणा एकाचं नसायचं. एका बिऱ्हाडात दूध, दुसऱ्या बिऱ्हाडात माशाचं डोकं, माळ्यावर बाळंतपण, कौलांवर झोप. त्याला लागणारं सगळं, म्हणजे शिकार, उंची, लपायला जागा, नको असेल तेव्हा निघून जाण्याची मुभा, हे त्याला वाडा देत होता. आता ते मांजर नवव्या मजल्यावरच्या टू बीएचकेमध्ये आहे. वाडा जे फुकट देत होता ते सगळं आता तुम्हाला द्यायचंय. मांजर ‘सोपं’ होतं ते या वाड्यामुळे.

शेपूट हलतंय, पण अर्थ वेगळा

कुत्र्यासमोर न उघडणारा डबा ठेवला तर थोडी खटपट करून तो तुमच्याकडे बघतो. लांडगा तसं करत नाही. हंगेरीतल्या संशोधकांनी २००३ मध्ये हे प्रयोगातून दाखवलं. अडलं की माणसाकडे बघायचं, हे कुत्र्याच्या अंगात मुरलंय. म्हणून तो आपल्याला ‘प्रेमळ’ वाटतो.

मग मांजराला प्रेम नसतं का? असतं, पण ते मोजायची आपली पट्टी कुत्र्याची आहे. टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की मांजराला आपल्या माणसाचा आवाज अनोळखी आवाजातून ओळखता येतो. कान फिरतो, डोकं वळतं, फक्त ते उठून येत नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठातल्या २०१९ च्या अभ्यासात साधारण दोन तृतीयांश पिल्लांचं आपल्या माणसाशी सुरक्षित नातं दिसलं. माणूस खोलीत परत आला की ती निवांत व्हायची. म्हणजे ओढ आहे, ती दाखवायची पद्धत निराळी आहे.

गैरसमजातून ओरखडे येतात, म्हणून या खुणा लक्षात ठेवा.

कुत्र्याचं शेपूट सैल, अंगासकट हलत असेल तर तो खूश आहे. पण शेपूट ताठ, वर, थरथरत असेल आणि अंग आखडलेलं असेल तर सावध व्हा. हलणारं शेपूट म्हणजे दर वेळी मैत्री नव्हे.

मांजराचं शेपूट उभं असेल तर तो नमस्कार समजा. शेपूट जमिनीवर फटकारतंय म्हणजे ‘आता पुरे’. मुलांना हे आधी शिकवा. मांजर गुरगुरतंय म्हणजे आनंदात आहे हेही नेहमी खरं नसतं, दुखत असतानाही मांजर गुरगुरतं. आणि ते तुमच्याकडे बघून हळूच डोळे मिटत असेल तर तुम्हीही हळूच मिटा. मांजराशी बोलायची ही रीत आहे.

गणपतीत फरक सगळ्यात ठळक दिसतो. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंत, मांजराला ६० हजारांच्या वर. ढोल-ताशे, स्पीकरच्या भिंती आणि मग दिवाळीचे फटाके दोघांनाही छळतात. पण घाबरलेला कुत्रा तुम्हाला शोधत येतो, त्याच्याजवळ बसा. घाबरलेलं मांजर कपाटात शिरतं. त्याला प्रेमाने बाहेर ओढू नका. कपाट उघडं ठेवा, आत एक चादर टाका आणि त्याला एकटं सोडा.

दूध-पोळी, दहीभात आणि टॉरिन

इथे आपली सर्वात मोठी चूक होते.

माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं जगल्यामुळे कुत्र्याचं शरीर बदललं. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त आहेत, हे २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं. म्हणून भाकरी, भात, अंडं, चिकन असं मिश्र खाणं नीट आखलं तर कुत्रा त्यावर जगू शकतो.

मांजराचं शरीर हे शिकलेलंच नाही. ते पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा घटक कुत्रा शरीरात तयार करू शकतो, मांजराला तो पुरेसा तयार करता येत नाही. तो मांसातूनच यावा लागतो. टॉरिन कमी पडलं तर आधी डोळ्याचा पडदा खराब होतो, मग हृदय कमकुवत होतं. गाजरातून ‘अ’ जीवनसत्त्व बनवणंही मांजराला जमत नाही. मांजराला कुत्र्याचं खाणं रोज दिलं तरी हीच अडचण येते.

म्हणून घर कडक शाकाहारी असेल आणि स्वयंपाकघरात मांसाचा विषय चालणार नसेल, तर मांजर आणण्याआधी घरात स्पष्ट बोला. तयार कॅट फूडमध्येही मांस असतंच. ते चालणार असेल तर ठीक. दूध-पोळीवर मांजर पाळणं म्हणजे हळूहळू त्याला आंधळं करणं.

आणि हो, दूध. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. त्यांना पाणी लागतं. वाळवंटी पूर्वजांमुळे मांजर मुळात पाणी कमी पितं, त्यातून लघवीचे त्रास सुरू होतात. पाण्याची वाटी खाण्यापासून लांब ठेवा, एकापेक्षा जास्त ठेवा, ओलं खाणं द्या.

घरातल्या काही गोष्टी सरळ विष आहेत. कांदा, लसूण दोघांनाही नको. चॉकलेट आणि द्राक्षं, मनुका कुत्र्याला घातक. लिलीची फुलं मांजराची किडनी बंद पाडतात, अंगाला लागलेले परागकण चाटले तरी पुरे. ताप आला म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आणि कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या गोचिडांच्या औषधात परमेथ्रिन असेल तर ते मांजराला कधीही लावू नका. ‘कुत्र्याचं उरलंय, मांजराला लावू’ यात मांजरं दगावतात.

एकाचा आजार दिसतो, दुसऱ्याचा लपतो

कुत्रा आजारी पडला की सांगतो. लंगडतो, केविलवाणा बघतो, खाणं सोडून पायाशी येऊन पडतो. एकट्याने जगणाऱ्या शिकारी प्राण्याला कमजोरी दाखवणं परवडत नाही, म्हणून मांजर दुखणं लपवतं. आपल्याला वाटतं, ‘हल्ली जरा शांत झालंय.’

मांजराच्या बाबतीत ‘उद्या बघू’ चालत नाही अशा तीन खुणा:

- बोका सारखा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसतो पण लघवी होत नाही. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.
- एक-दोन दिवस काहीच खाल्लेलं नाही. विशेषतः जाड मांजरात उपासाने यकृत बिघडतं.
- तोंड उघडं ठेवून धापा टाकतंय. कुत्र्यासाठी उन्हात हे नेहमीचं, मांजरासाठी धोक्याचं.

घरात नको तिथे लघवी करणारं मांजर ‘सूड घेतंय’ असं लोक म्हणतात. बहुतेकदा ते दुखतंय किंवा बॉक्स घाण आहे असं सांगत असतं. बॉक्स किती हवेत? मांजरं जितकी, त्यापेक्षा एक जास्त. दोन मांजरांना तीन. आता ३०० मांजरांचा हिशोब करून बघा, म्हणजे हडपसरच्या त्या वासाचा अर्थ कळेल. एवढ्या गर्दीत कोणतं मांजर जेवलं नाही आणि कोणत्याची लघवी अडली, हे कितीही प्रेम असलं तरी दिसू शकत नाही.

कुत्र्याच्या यादीत वेगळ्या गोष्टी आहेत. पिल्लांना पार्वो आणि डिस्टेंपर, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टो, गोचिडांतून येणारा ताप. एप्रिल-मेच्या दुपारी डांबरी रस्त्यावर फिरवू नका. तळहाताची उलटी बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेवा, तुम्हाला भाजलं तर त्याच्याही पंजाला भाजतं. पग आणि पर्शियन मांजर, दोघंही चपट्या नाकाची. उकाडा त्यांना इतरांपेक्षा लवकर बाधतो.

कुत्र्याला रोज दोनदा फिरवणं ही मौज नाही, गरज आहे. दिवसभर एकट्या राहिलेल्या कुत्र्याने सोफा फाडला तर तो कंटाळ्याचा निरोप आहे. मांजराला फिरवावं लागत नाही, पण त्यालाही काम लागतं. रोज दोन-तीनदा दोरी, चेंडू, शिकारीचा खेळ, चढायला उंच फळी, खाजवायला पोतं गुंडाळलेला खांब.

आणि खिडकीला जाळी. उंचावरून पडलं तरी मांजर पायांवरच उतरतं, त्याला काही होत नाही, हा समज घातक आहे. न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. योग्य उपचारांनंतर बहुतेक वाचली, पण छातीला मार, तुटलेले जबडे, मोडलेले पाय हे नेहमीचं होतं. पुण्यात आपण कबुतरांसाठी बाल्कनीला जाळी लावतो. मांजर असेल तर तीच जाळी घट्ट बसवून घ्या.

५० चे ३०० होतात कसे?

कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते. मांजरीचं तसं नाही. चार-पाच महिन्यांची, म्हणजे आपल्याला अजून पिल्लूच वाटणारी मांजरी गाभण राहू शकते. गर्भकाळ दोन महिन्यांच्या आसपास. आधीची पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. वर्षाला दोन-तीन विणी, एका वेळी तीन-पाच पिल्लं.

आता साधं गणित. ५० चे पाच वर्षांत ३०० व्हायला दरवर्षी किती वाढ लागते? साधारण ४३ टक्के. म्हणजे दर दहा मांजरांमागे वर्षाला चार-पाच वाढली की झालं. मग ती घरात जन्मलेली असोत वा दयेने उचलून आणलेली. मांजरीची क्षमता पाहता हे काहीच नाही. नसबंदी टळत गेली आणि ‘याला कुठे टाकायचं’ म्हणत दार उघडं राहिलं की कुठलंही प्रेमळ घर या वाटेला लागू शकतं.

भारत सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव प्राण्याचं जंतनाशक औषध, लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी ठरवलीय. मांजरासाठी याचा व्यवहारातला अर्थ एकच: पाच महिन्यांच्या आत व्हेटशी बोलून तारीख ठरवा. ‘एकदा पिल्लं होऊ दे, मग करू’ याला वैद्यकीय आधार नाही. बोक्याचंही करा. घरभर फवारे मारणं आणि रात्री भांडायला पळणं बरंच कमी होतं.

रेबीज: ‘मांजरानेच तर ओरखडलंय’

जगात माणसाला होणारा रेबीज ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्यांमुळे होतो. म्हणून मांजराचा चावा आपण मनावर घेत नाही. पण रेबीज झालेलं मांजरही तो पसरवू शकतं, आणि लक्षणं दिसायला लागली की माणूस जवळपास वाचतच नाही. घरातल्या मांजरालाही लस म्हणूनच हवी.

चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सरकारी दवाखान्यात कातडीत दिली जाणारी लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. मधला डोस चुकवू नका.

आणखी एक भीती. घरात बाळ येणार म्हटलं की मांजर सोडून देण्याचा सल्ला येतो. कारण टोक्सोप्लाझ्मा. हा जंतू मांजराच्या विष्ठेतून येऊ शकतो हे खरं. पण बाहेर पडल्यावर संसर्गजन्य व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. लिटर बॉक्स रोज साफ झाला आणि ते काम गरोदर बाईऐवजी दुसऱ्याने केलं, तर धोका फार कमी होतो. अर्धकच्चं मांस आणि न धुतलेली भाजी यांचीही तितकीच काळजी घ्या. मांजर रस्त्यावर सोडायची गरज नाही. उपासमार होईल अशा परिस्थितीत प्राणी सोडून देणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हाच आहे.

मग सोसायटीने काय करावं?

कुत्र्यांसाठी सोसायट्यांकडे निदान भांडणातून तयार झालेले नियम आहेत. पट्टा, शी उचलणं, लिफ्ट. मांजरांसाठी नियमच नाही. बंदी घालता येत नाही आणि घालूही नये. पण वर्षातून एकदा साधी यादी करता येते. कोणाकडे कोणता प्राणी, महापालिकेची नोंदणी, रेबीज लसीची तारीख, नसबंदी झाली का. कुत्र्यांचीही आणि मांजरांचीही. पाच मांजरं झाली तेव्हा शेजाऱ्याने चौकशी करून नसबंदीला मदत केली, तर पन्नासाव्या मांजराची वेळ येत नाही. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा प्रश्न गोष्टीतला असला तरी पुण्याच्या सोसायट्यांसमोर तो खराच आहे, आणि मांजरं पाच असताना ती बांधणं सर्वात सोपं असतं.

तर कुत्रा की मांजर?

रोज सकाळ-संध्याकाळ घराबाहेर पडायला वेळ असेल, घरात कुणीतरी बराच वेळ असेल, लोकांत मिसळणारा सोबती हवा असेल तर कुत्रा. वेळेचं वेळापत्रक तुमच्या हातात नसेल, पण मांसाहारी खाणं, जाळी, रोजचा लिटर बॉक्स आणि न सांगितलेलं दुखणं ओळखायची नजर देऊ शकत असाल तर मांजर. यातलं काहीच शक्य नसेल तर प्राणी न आणणं हाही प्रेमाचाच निर्णय आहे. कुत्रा दहा-पंधरा वर्षं राहतो, घरात सांभाळलेलं मांजर पंधरा वर्षांपुढेही जाऊ शकतं. तोपर्यंत तुमची नोकरी, शहर, कदाचित घरातली माणसंही बदललेली असतील.

दोघांनाही काळजी तेवढीच लागते. कुत्र्याकडे दुर्लक्ष झालं तर तो ओरडून सांगतो, मांजर गप्प राहतं. म्हणून तुमच्या घरात मांजर असेल तर आज रात्री एवढंच करा: त्याने आज किती खाल्लं, किती पाणी प्यायलं आणि लघवीला कितीदा गेलं, ते आठवून बघा. आठवलं नाही, तर उद्यापासून लक्ष ठेवा.